हिंदू जिमखान्याची पहिली तीस वर्षे : एका गोलंदाजाच्या बाजूने

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की हाताशी सर्वांत आधी प्रोसिडिंग बुक येते. त्यात ठराव असतात, सूचक-अनुमोदक असतात, अध्यक्षांच्या परवानगीने आलेले आयत्या वेळचे विषय असतात. कोनशिला कुणाच्या हस्ते बसली आणि देणगी कुणी किती दिली, याचीही नोंद असते. स्मरणिकेतला इतिहास बहुधा याच वहीतून उतरतो, आणि म्हणून तो पदाधिकाऱ्यांचा इतिहास होतो. ही पद्धत खोटी म्हणता येणार नाही, पण अपुरी आहे. झालेला ठराव वहीत येतो. जो ठराव कुणी मांडलाच नाही, तो येत नाही. संस्थेने कुणाला आत घेतले ते सापडते. आत घेतल्यावर कुठल्या उंबऱ्यापर्यंत येऊ दिले, ते सापडत नाही. ते शोधायचे तर अशा एखाद्या माणसाची कारकीर्द हाती धरावी लागते, ज्याच्या जिवावर संस्थेचे नाव झाले आणि तरीही मानकऱ्यांच्या यादीत ज्याचे नाव लागले नाही. मुंबईच्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या बाबतीत असा माणूस म्हणजे बाळू पालवणकर. त्यांच्या बाजूने जिमखान्याची पहिली तीस वर्षे पाहिली तर एक गोष्ट पटते : संस्थेचे दार उघडले ते गरजेने, गरज संपली तिथे ते अडले, आणि पुढे ते ढकलले बाहेर ठेवलेल्यांनीच.

लोणी भापकरमधून निघणाऱ्या स्मरणिकेत मरीन ड्राइव्हवरच्या जिमखान्याचे काय काम, असे कुणी विचारील. मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे, पुष्करणी आहे, यज्ञवराह आहे. जिरायती शिवारात पाण्याची वाट पाहत गेलेल्या वर्षांचा इतिहास तर अजून नीट लिहिलाही गेलेला नाही. घरचे सोडून उसने कशाला? एक तर बाळूंचे क्रिकेट मुंबईत फळले असले तरी उगवले पुण्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. गावोगावी विकास सोसायट्या आहेत, दूध संस्था आहेत, भजनी मंडळे, तालमी, यात्रा कमिट्या आहेत. आज ना उद्या प्रत्येकीला पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर वर्षे पुरी होणार आणि प्रत्येकीचा इतिहास कुणीतरी लिहिणार. तो कसा लिहावा याची चाचणी आधी दूरच्या संस्थेवर घेतलेली बरी. जवळच्या संस्थेवर घेतली तर वाचणारे मुद्दा पाहण्याआधी आडनावे पाहतात.

जिमखान्याचा जन्म सरकारी जमीनवाटपातून झाला, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. १८७५ साली निघालेला बाँबे जिमखाना गोऱ्यांपुरता होता. पुढे केनेडी सी फेसच्या समुद्रालगतच्या पट्ट्यात सरकारने पारशी, मुसलमान आणि हिंदू अशा धर्मवार जागा दिल्या. पारशांचा नंबर आधी लागला, कारण क्रिकेटातही ते आधी होते. १८८६ आणि १८८८ मध्ये त्यांचे संघ इंग्लंडचे दौरे करून आले होते. हिंदू जिमखाना १८९४ मध्ये उभा राहिला. ज्यांच्या काळात हे वाटप झाले ते गव्हर्नर लॉर्ड हॅरिस स्वतः इंग्लंडचे माजी कर्णधार होते. वहीतला इतिहास इथे सुरू होतो. पण त्याआधीचे मुंबईचे हिंदू क्रिकेट कसे होते? जातवार आणि प्रांतवार. गौड सारस्वतांचा क्लब वेगळा, क्षत्रियांचा वेगळा, मराठ्यांचा वेगळा, गुजरात्यांचा वेगळा, तेलुगू तरुणांचा वेगळा. ‘हिंदू’ नावाचा खेळाडू मैदानावर नव्हताच. तो जन्मला सरकारी जागेच्या अर्जावर. जागा धर्माच्या नावाने मागितली म्हणजे संघही धर्माच्या नावाने उभा करणे आले. समोर पारशी आणि युरोपियन असताना अकरा गडी एकाच पंगतीतून उचलून भागणार नव्हते. जिमखान्याच्या पुढच्या औदार्याचे मूळ या अडचणीत आहे. म्हणून ते औदार्य खोटे ठरत नाही, पण त्याला कुठवर ताणता येईल याची मर्यादा तेव्हाच ठरून गेली होती.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत होते. मुलाची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात लागली : खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात गेले तेव्हा एक रुपया वाढला. तिथे खेळपट्टी करायची, सरावाची जाळी बांधायची, टेनिस कोर्टाच्या रेघा मारायच्या, आणि साहेब लोक सरावाला आले की चेंडू टाकायचा. डाव्या हाताने संथ, वळणारा चेंडू टाकण्याची त्यांची कला या चाकरीत घडली. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा युरोपियनांचा नामांकित फलंदाज. आपल्याला बाद केले की तो बाळूंना दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे, आणि आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. तिच्यापेक्षा बोलकी गोष्ट दुसरीच आहे. इतकी वर्षे तासन्‌तास चेंडू टाकूनही बाळूंच्या हाती त्या क्लबात कुणी बॅट दिली नाही. गोलंदाजी हे अंगमेहनतीचे काम आणि फलंदाजी हा शौक, ही वाटणी इंग्लंडातून आली होती. तिथेही पगारी व्यावसायिकाने चेंडू टाकायचा आणि खानदानी हौशी खेळाडूने तो टोलवायचा, असा रिवाज होता. आपल्याकडे ही वाटणी जातीच्या जुन्या खोबणीत अलगद बसली. कर्णधार हा फलंदाज असावा, असा युक्तिवाद पुढे आपल्याला भेटणार आहे. तो तपासताना बॅट कुणाच्या हाती कधी पोचली, हे विसरून चालणार नाही.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांवर जय हवा होता, आणि साहेबांना रोज बाद करणारा माणूस साहेबांच्याच क्लबात रोलर ओढत होता. त्याला आपल्या संघात घ्यावे की नाही, यावर क्लबात दोन तट पडले. तेलुगू सभासद अनुकूल होते, ब्राह्मण सभासदांतल्या काहींना ते मानवत नव्हते. शेवटी बाळू संघात आले. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात त्यांनी सात गडी टिपले. त्यांचा वचक मोडावा म्हणून तिथली खेळपट्टी मुद्दाम घोटून ठेवलेली असतानाही. पण त्या दिवसांतला चहाचा प्रसंग सामन्याच्या निकालाहून जास्त सांगून जातो. खेळ थांबला की बाकीचे दहा जण आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत. बाळूंना बाहेर, पिऊन फेकून द्यायच्या मडक्यातून. हातपाय धुवायचे तर क्लबातला अस्पृश्य नोकर मैदानाच्या कोपऱ्यात किटलीने पाणी घाली. जेवणाचे पान वेगळे, बसण्याची जागा वेगळी. यातली विसंगती त्या वेळी कुणाच्या लक्षात आली नसेल असे मानणे कठीण आहे. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. चामडे कमावणाऱ्या जातीच्या माणसाचा स्पर्श ज्यांना चालत नव्हता, त्यांच्या हातून त्याच माणसाने घामाने ओला केलेला चामड्याचा चेंडू दिवसभर फिरत होता. विटाळाचा नियम मैदानाच्या रेघेपाशी थांबत असे आणि रेघ ओलांडली की पुन्हा लागू होई. जिंकण्याची गरज होती तेवढ्या जागेपुरता आणि तेवढ्या वेळेपुरता तो उठवला होता, असाच याचा अर्थ लागतो.

प्लेगच्या साथीच्या आगेमागे बाळू मुंबईला गेले. तिथे ते बी. बी. सी. आय. रेल्वेच्या नोकरीत लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. त्यांच्या येण्याला इथेही काही सभासदांचा विरोध झाला आणि इथेही तो टिकला नाही. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे भाऊही क्रमाक्रमाने हिंदू संघात आले. चौघे सख्खे भाऊ एका प्रमुख संघातून खेळले, असे उदाहरण आपल्याकडे विरळाच. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा जो सामना झाला, त्यावर जिमखान्याचे नाव देशभर झाले. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. विजय १०९ धावांनी. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. बंगालची फाळणी होऊन चारच महिने झाले होते, स्वदेशीची हवा होती, त्यामुळे या जयाकडे कुणी नुसता खेळ म्हणून पाहिले नाही. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी साप्ताहिकाने त्यातला सामाजिक धागा नेमका पकडला. पुण्याच्या क्लबात या भावांना मैदानापुरते घेतले होते. मुंबईच्या जिमखान्यात ते इतरांबरोबर जेवायलाही बसतात, आणि सनातनी रूढी सैल करण्याचे जे काम व्याख्यानांनी होत नव्हते ते इथे होते आहे, असा त्या लेखाचा आशय होता. मैदानापासून जेवणाच्या टेबलापर्यंतचे अंतर कापायला दहा-बारा वर्षे लागली. जिमखान्याच्या जमेच्या बाजूला ही नोंद ठळकपणे करायला हवी. इतिहास बाळूंच्या बाजूने लिहायचा म्हणून ती गाळण्याचे कारण नाही. १९०७ पासून पारशांसह तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले, आणि दर वर्षी हिंदू संघाच्या गोलंदाजीचा भार बाळूंच्या डाव्या खांद्यावर राहिला.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ म्हणून तो दौरा फसला. तेवीसांपैकी पंधरा सामने हरले. महाराजांचे लक्ष क्रिकेटपेक्षा त्या वर्षीच्या राज्याभिषेकाच्या समारंभांत अधिक होते. एकट्या बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले, प्रत्येक बळीमागे १९ धावाही न देता. त्यांतले ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाचे आठ गडी त्यांनी एका डावात १०३ धावांत उडवले. तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती, आणि याआधी इंग्लंडची ओलसर खेळपट्टी त्यांनी पाहिलेलीही नव्हती. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला, आणि त्या मानपत्राशी कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचे नाव जोडलेले आहे. एका माणसाला त्या वेळी दोन समाज आपला म्हणत होते. जिमखाना त्याला हिंदूंचा गोलंदाज म्हणत होता, दलित वस्त्या त्याला आपला पहिला वीर म्हणत होत्या. दोघांनाही त्याचा अभिमान होता. फक्त त्याला काय द्यायचे आहे, याबद्दल दोघांचे म्हणणे एक नव्हते.

द्यायचे होते ते कर्णधारपद. इंग्लंडच्या दौऱ्यानंतर हिंदू संघात बाळूंइतका अनुभवी, इतका यशस्वी दुसरा खेळाडू नव्हता. १९१३ साली कर्णधार झाले मु. दा. पै. ज्ञातिबांधवांनी केलेल्या सत्काराला उत्तर देताना पैंनी सांगून टाकले की हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा होता. या लेखाचा सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणून मी पैंना उभे करीन, कारण ज्याला पद मिळाले त्यानेच ते दुसऱ्याचे होते असे म्हणणे आपल्या सार्वजनिक जीवनात वारंवार घडत नाही. तरी आक्षेप घेता येतो आणि तो ऐकायला हवा. त्या काळी कर्णधार सहसा फलंदाज असे, शिकलेला असे, गोऱ्या कर्णधाराशी इंग्रजीत चार शब्द बोलणारा असे. पगारी पार्श्वभूमीच्या खेळाडूला इंग्लंडातही हा मान मिळत नसे. गोष्ट खरी आहे. इंग्लंडच्या कसोटी संघाचे नेतृत्व विसाव्या शतकात व्यावसायिक खेळाडूकडे जायला १९५२ साल आणि लेन हटन यावे लागले. मग बाळूंना डावलले ते जातीमुळे कशावरून, वर्गामुळे का नसेल? पण बाळू जिमखान्याचे पगारी नव्हते, ते रेल्वेत नोकरी करून खेळणारे होते, जसे संघातले इतरही कुठे ना कुठे नोकरीत होते. शिवाय वर्गाची अट असती तर ती शिक्षण, पगार, राहणी अशी बदलता येण्याजोग्या कशावर तरी टेकली असती आणि वर्षागणिक थोडी हलली असती. बाळूंच्या बाबतीत वीस वर्षांत सगळे बदलले : नोकरी बदलली, शहर बदलले, कीर्ती सातासमुद्रापार गेली. तरी उत्तर बदलले नाही. जे कारण माणसाबरोबर बदलत नाही, ते त्याच्या जन्मात शोधणे भाग आहे. फलंदाजीच्या अटीबद्दल वर लिहिलेच आहे; बॅट न देता फलंदाज नाही म्हणायचे, हा न्याय नव्हे.

एक भेद इथे नीट पाहावा लागतो. गोलंदाजाची संघाला गरज असते. कर्णधाराची जागा ही गरजेची नसून अधिकाराची आहे. कर्णधार दहा जणांना इथे उभे राहा, तिथे जा, असे सांगतो आणि त्यांनी ते ऐकायचे असते. नाणेफेकीला तोच जातो, समारंभात हार त्याच्या गळ्यात पडतो, गव्हर्नरशी हस्तांदोलन तो करतो. बाळूंच्या चेंडूवर झेल घेणे हिंदू संघातल्या उच्चवर्णीय खेळाडूला जमले, पुढे त्यांच्या शेजारी बसून जेवणेही जमले. त्यांच्या हुकमाखाली उभे राहणे मात्र जिमखान्याच्या निवडकर्त्यांना झेपेना. गावाकडच्या यात्रांतही पाहावे. कुस्तीच्या फडात माती कुणाचीच जात विचारत नाही, हलगी कुणासाठीही वाजते. पण इनामाच्या कुस्त्या कुणी लावायच्या आणि पंच कोण, हे ठरते त्या बैठकीत कोण कोण बसलेले असते? प्रवेश आणि अधिकार यांच्या वाटा वेगळ्या असतात. पहिली मोकळी झाली म्हणून दुसरी मोकळी झाली असे धरून चालणारे संस्थेतिहास जागोजागी आहेत.

१९२० साली हे प्रकरण उघड्यावर आले. साल लक्षात घेण्यासारखे आहे. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी आंबेडकरांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून पुढे केले होते. वर्षअखेरीस नागपूरच्या काँग्रेसमध्ये असहकारावर शिक्कामोर्तब व्हायचे होते. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत पै पहिल्या सामन्याला उपलब्ध नव्हते. कर्णधारपदासाठी नाव पुढे आले ते पालवणकर भावांपेक्षा ज्येष्ठतेत कमी असलेल्या, पुण्याच्या एका ब्राह्मण खेळाडूचे. बाळूंना तर संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याची कारणे जाहीरपणे मांडली. जातीपायी हा अन्याय होतो आहे, असे त्यांनी वर्तमानपत्रांतून लोकांपुढे ठेवले. आजवर सर्वांना ठाऊक असलेली पण कुणी उच्चारत नसलेली गोष्ट अशी छापून आली. जिमखान्याला माघार घ्यावी लागली. पुढच्या सामन्यात भाऊ परतले, पै कर्णधार म्हणून आले आणि बाळू उपकर्णधार झाले. मध्येच पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. विशेष काही घडले नाही. क्षेत्ररक्षक सांगितलेल्या जागी उभे राहिले, चेंडू टाकले गेले, धावा झाल्या. वीस वर्षे ज्याची धास्ती घेतली ते प्रत्यक्षात इतके साधे निघाले.

यावर एक आक्षेप मला बिनतोड नसला तरी वजनदार वाटतो. १९२० मध्ये बाळू चव्वेचाळिशीत होते. त्या वयाच्या गोलंदाजाला वगळले तर निवडकर्त्यांना दोष कसा द्यायचा? नुसत्या वगळण्याचा दोष मीही देणार नाही. पण वयाचा मुद्दा लावायचा तर तो सरळ लावावा. १९११ ते १९१३ या काळात ते पस्तीस ते सदतीस वर्षांचे आणि कीर्तीच्या ऐन भरात होते. तेव्हा कुठले वय आडवे आले? आणि १९२० मध्ये थोरला म्हातारा झाला म्हणून सोडला, तर ऐन उमेदीतला आणि संघाच्या प्रमुख फलंदाजांत गणला जाणारा विठ्ठल समोर होता. त्याला फलंदाज नाही असे म्हणायची सोय नव्हती. एका भावाच्या वेळी तो गोलंदाज म्हणून चालत नाही, दुसऱ्याच्या वेळी तो फलंदाज असूनही चालत नाही, पहिला तरुण असताना चालत नाही आणि वृद्ध झाल्यावर तर नाहीच, असे चारही कोन जेव्हा एकाच घरावर येऊन मिळतात, तेव्हा त्याला निवडीचे धोरण म्हणत नाहीत.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी अजिंक्यपद मिळवले. जिमखान्याचा अभिमानी इथे म्हणेल की संस्थेने आपली चूक आपणच सुधारली, मग ती इतकी उगाळावी कशाला? सुधारली, हे निर्विवाद. देशातल्या कितीतरी देवळांची दारे त्यानंतरही अनेक वर्षे बंद होती, हे ध्यानात घेतले तर जिमखाना त्या मानाने पुढेच होता. फरक फक्त ‘आपण’ या शब्दाचा आहे. १९०६ ची सुधारणा जिमखान्याने केली, कारण त्यात जिमखान्याचा लाभ होता. १९२३ ची सुधारणा १९२० च्या दोन खेळाडूंनी जिमखान्याकडून करवून घेतली. मध्ये गांधींनी अस्पृश्यतानिवारण काँग्रेसच्या कार्यक्रमात आणल्यामुळे हवा बदलली होती, तिचाही त्यात वाटा आहे. संघाबाहेर पडण्याची जोखीम मात्र शिवराम आणि विठ्ठल यांचीच होती. त्यांच्यामागे ना राजा होता ना शेटजी. स्मरणिकेत हे श्रेय संस्थेच्या उदार परंपरेला देऊन टाकणे सोपे असते. पुष्कळ स्मरणिका तसे करतात.

आजच्या मापाने कालच्या माणसांना मोजू नये, हा या सगळ्यावरचा नेहमीचा उपदेश. तो मान्य करून मी एवढेच म्हणेन की वर वापरलेली मापे सगळी कालचीच आहेत. सोशल रिफॉर्मरने १९०६ मध्ये लावलेले माप, पैंनी १९१३ मध्ये लावलेले, विठ्ठल-शिवरामांनी १९२० मध्ये लावलेले. आपल्याला नवी मोजपट्टी आणावी लागलेली नाही. दुसरा आक्षेप बाळूंच्या राजकारणावरून येतो आणि तो अधिक अवघड आहे. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळू होते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसचे उमेदवार म्हणून डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्यांनी आयुष्यभर डावलले त्यांच्याच बाजूने ते उभे राहिले, तर त्यांना स्वतःला अन्याय वाटलाच नसावा, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो घाईचा वाटतो. हिंदू समाजाच्या आत राहून, एकेक उंबरा ओलांडत पुढे जाता येते, हा बाळूंचा जगून पाहिलेला अनुभव होता : मडक्यातल्या चहापासून उपकर्णधारपदापर्यंतचा. त्या अनुभवावर त्यांनी राजकारण बांधले. आंबेडकरांचा अनुभव वेगळा होता आणि त्यांनी काढलेला अर्थही. मतदारांनी दोघांत निवड केली, तीही थोड्याच फरकाने. उंबरे ओलांडता येतात असे मानणारा माणूस उंबरे नव्हतेच असे म्हणत नसतो. त्याच्या राजकारणातून जिमखान्याला दाखला मिळत नाही.

बाळूंची प्रथम श्रेणीतली कारकीर्द ३३ सामन्यांची आहे. त्यांत १७९ बळी, प्रत्येकी १५ धावांच्या किंचित वर. हे आकडे सहज सापडतात. त्यांच्याभोवतीचे बाकीचे सापडायला कष्ट पडतात, आणि जे सापडते त्यातले बरेच संस्थेच्या दप्तराबाहेर आहे. विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ लिहिले नसते, १९४८ मध्ये ते छापले गेले नसते, सुधारकी पत्रांनी दखल घेतली नसती, तर आपल्याला धावफलक उरले असते. धावफलकही एक गंमत सांगतात. पैंचे नाव तिथे एम. डी. पै असे येते, आधी आद्याक्षरे आणि मग आडनाव. या भावांची नावे मात्र पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल अशी, आडनाव एका अक्षरात आखडलेले आणि हाक मारायचे नाव पुढे. यामागे कुणाचा हेतू होता असे मी म्हणत नाही. सवय होती, आणि सवयीला हेतू लागत नाही. चौरंगीचे पुढे १९३७ मध्ये पंचरंगी सामने झाले, १९४६ नंतर धर्मवार क्रिकेट संपले, आणि ज्या ‘हिंदू संघा’च्या कर्णधारपदासाठी हे सगळे घडले तो संघच उरला नाही. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले.

फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या तालुक्याच्या गावी महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांच्यात रणजी सामना झाला. बारामतीच्या त्या मैदानाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. सामना पाहायला आसपासच्या गावांतून गेलेल्यांतल्या कुणाला हे आठवले असेल का, की आंबेडकरांविरुद्ध १९३७ साली उभा राहिलेला उमेदवार क्रिकेटमधला आपल्याकडचा पहिला मोठा गोलंदाज होता, आणि त्याने खेळपट्टी लोटायला सुरुवात केली ती पुण्यातच?

आता वाचकांना एक विनंती. गावातल्या तालमींचे, कबड्डी-क्रिकेटच्या संघांचे, शाळेच्या स्पर्धांचे, यात्रेतल्या बक्षीस समारंभांचे जुने फोटो ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ते पुसून घ्यावेत आणि मागच्या बाजूला पेन्सिलने नावे लिहून ठेवावीत. खुर्चीवर बसलेल्यांची नावे बहुतेकांना आठवतात. मागे उभे असलेल्यांची आणि पुढे जमिनीवर बसलेल्यांची आधी लिहावीत, आडनावांसकट.